सॅन अँटोनियोच्या सिटी हॉलमध्ये लॅटिना स्त्रीची कारकीर्द : कुठून शिरायचं, कुठे अडतं

नोकरी करायची की निवडून यायचं, हे आधी ठरवा. अमेरिकेतल्या शहर-प्रशासनात या दोन वाटा सुरुवातीला शेजारी-शेजारी दिसतात, पण पुढे त्या एकमेकींच्या आड येतात. सिटी मॅनेजर, म्हणजे परिषदेने नेमलेला शहराचा कारभारी, आणि त्याच्या हाताखालचे अधिकारी ज्या व्यावसायिक संघटनेचे सदस्य असतात, त्या आयसीएमएची आचारसंहिता १९२४ पासून आहे आणि ती राजकीय कामापासून लांब राहायला सांगते. उमेदवाराच्या प्रचारात दिसलेली अधिकारी पुढच्या बढतीच्या वेळी 'त्यांची माणूस' ठरते. उलट निवडून आलेली नगरसेविका पदावर असताना त्याच शहराची नोकरी करू शकत नाही. पाचेक वर्षं नोकरी करून मग निवडणुकीकडे वळणं जमतं. दोन्हीकडे एकेक पाय ठेवणं जमत नाही.

इथे टेक्सासमधलं सॅन अँटोनियो डोळ्यांसमोर ठेवलं आहे. २०२०च्या जनगणनेत लोकसंख्या १४,३४,६२५. त्यात साठ टक्क्यांहून अधिक हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिशभाषक देशांत मूळ असलेले, बहुतेक मेक्सिकन वंशाचे. लॅटिना म्हणजे लॅटिन अमेरिकन मुळाची स्त्री. तरीही इथल्या नगर परिषदेत पहिली मेक्सिकन-अमेरिकन स्त्री पोचली ती १९८१ साली : मारिया अँटोनिएता बेरिओसाबाल. टेक्सासमध्ये राहणाऱ्या आणि नागरिकत्व घेतलेल्या मराठी स्त्रीला यातल्या जवळपास सगळ्या पायऱ्या तशाच लागू पडतात. जिथे फरक पडतो तिथे तो सांगितला आहे.

महाराष्ट्रात महापालिकेच्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव असतात. इथे आरक्षण नाही. दार उघडलं ते प्रभागरचनेमुळे. १९७७ पर्यंत सगळे नगरसेवक शहरभरातून निवडले जात, त्यामुळे उत्तरेकडच्या सधन वस्त्यांची मतं आणि पैसा निर्णायक ठरे. १९७५ मध्ये मतदान हक्क कायद्याची व्याप्ती स्पॅनिश भाषकांपर्यंत वाढली. शहराने आजूबाजूचा भाग हद्दीत घेतल्यामुळे मेक्सिकन-अमेरिकन मतांचं वजन घटतं, असा आक्षेप केंद्रीय न्याय खात्याने त्याच कायद्याखाली घेतला. मग १९७७ मध्ये मतदारांनी दहा प्रभाग आणि शहरभरातून एक महापौर अशी रचना निसटत्या बहुमताने मंजूर केली. आज एका प्रभागात साधारण १ लाख ४० हजार लोक येतात. लॉस एंजेलिसमध्ये १५ नगरसेवक आणि प्रत्येकाच्या वाट्याला अडीच लाखांहून अधिक लोक. तिथे पहिली लॅटिना, ग्लोरिया मोलिना, १९८७ मध्ये निवडून आली. प्रभाग जितका लहान, तितकी कमी पैशांत पायी प्रचार करून जिंकण्याची शक्यता जास्त. शहर निवडायची मुभा असेल तर हा आकडा सगळ्यात आधी बघा.

सत्ता कुणाच्या टेबलावर आहे

सॅन अँटोनियोत १९५१ पासून परिषद-मॅनेजर पद्धत आहे. शहराचा कारभार सिटी मॅनेजर चालवतो. त्याला नेमणं आणि काढणं परिषदेच्या हाती. मुंबई-पुण्याच्या आयुक्ताशी त्याची तुलना अर्धीच जमते. आयुक्ताला राज्य सरकार पाठवतं, नगरसेवक त्याला नेमत नाहीत. इथे अकरापैकी सहा मतं फिरली की मॅनेजरची खुर्ची जाते. मात्र एकदा नेमल्यावर खात्यांच्या रोजच्या कामात आणि नेमणुकांत नगरसेवकांनी हात घालायचा नाही, असं शहराची सनद, म्हणजे शहराची मूळ नियमावलीच, सांगते. नवी नगरसेविका रस्ते खात्याच्या अधिकाऱ्याला थेट फोन करून 'उद्या हा खड्डा बुजवा' म्हणते, ही पहिल्या महिन्यातली नेहमीची चूक. ते काम मॅनेजरच्या कार्यालयातूनच जायला हवं.

ह्यूस्टनमध्ये उलटं आहे. तिथे महापौरच कार्यकारी प्रमुख, आणि सिटी कंट्रोलर, म्हणजे शहराच्या हिशेबाचा प्रमुख, वेगळा निवडून येतो. पैसे उपलब्ध आहेत असा दाखला कंट्रोलरने दिल्याशिवाय करार पुढे सरकत नाही. सिल्व्हिया गार्सिया समाजसेविका होत्या, मग वकील झाल्या, महापौरांनी नेमलेल्या नगर न्यायालयाच्या प्रमुख न्यायाधीश झाल्या, १९९८ पासून कंट्रोलर, त्यानंतर हॅरिस काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) कमिशनर, राज्य सिनेटर आणि २०१९ पासून अमेरिकन काँग्रेसच्या सदस्य. म्हणजे महापौरप्रधान शहरात नेमणुकीच्या पदावरून निवडणुकीत उडी घेता येते. मॅनेजरप्रधान शहरात नेमणुकीची पदं बहुतेक मॅनेजरच्या हाती असल्यामुळे ही वाट अरुंद आहे.

नोकरीची वाट

सुरुवातीच्या जागांची नावं लक्षात ठेवा : मॅनेजमेंट अॅनालिस्ट, बजेट अॅनालिस्ट, नगरसेवकाच्या कार्यालयातली सहायक, सिटी क्लर्कच्या, म्हणजे शहराचं दफ्तर सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याच्या, कार्यालयातली कर्मचारी, ३११ या तक्रार क्रमांकावरची प्रतिनिधी. पदवी नुकतीच हातात आली असेल आणि निवड करता येत असेल, तर बजेट कार्यालय घ्या. पगार फार वेगळा नसतो, पण दोन वर्षांत शहरातलं प्रत्येक खातं तुमच्या टेबलावरून जातं. मारिया विलागोमेझ सॅन अँटोनियोच्या बजेट कार्यालयाच्या संचालक होत्या, पुढे डेप्युटी सिटी मॅनेजर झाल्या. नगरसेवकाच्या कार्यालयातली नोकरी झगमगीत वाटते, ओळखीही लवकर होतात; पण नगरसेवकाची मुदत संपली की ती नोकरीही संपते. तिथे दोन-अडीच वर्षं पुरेत.

अर्ज बाद होतात ते बहुधा क्षुल्लक कारणांनी. बऱ्याच शहरांचे अर्ज ऑनलाइन यंत्रणेतून जातात, आणि पहिली चाळणी 'किमान पात्रता' या एकाच निकषावर होते. पुरवणी प्रश्नांच्या जागी 'रेझ्युमे पाहा' लिहिलं तर अर्ज अपूर्ण धरला जातो. प्रत्येक जुन्या नोकरीचा महिना-वर्ष आणि आठवड्याचे तास लिहा; अर्धवेळ अनुभव त्या प्रमाणातच मोजतात, तास लिहिले नाहीत तर काही वेळा मुळीच मोजत नाहीत. जाहिरातीतला शब्द जसाच्या तसा वापरा. जाहिरातीत 'करार व्यवस्थापन' असेल आणि तुम्ही 'विक्रेत्यांशी समन्वय' लिहिलं, तर चाळणी करणाऱ्या माणसाला ते एकच आहे हे कळेल याची खात्री नाही.

पोलीस आणि काही संवेदनशील जागा सोडल्या तर शहराच्या नोकरीला बहुधा नागरिकत्व लागत नाही, काम करण्याचा कायदेशीर परवाना लागतो. पण एच-वन-बीवरच्या माणसासाठी अर्ज-खर्च उचलायला शहरं सहसा तयार नसतात. ग्रीन कार्ड असलेल्यांना ही अडचण येत नाही.

मग भाषेचा मुद्दा, आणि इथे लॅटिना कर्मचाऱ्यांचं नुकसान सगळ्यात जास्त होतं. स्पॅनिश येते म्हणून काउंटरवरचा प्रत्येक अडलेला माणूस तिच्याकडे पाठवला जातो, सभेतलं भाषांतर तिनेच करायचं, पत्रकाचा मसुदाही तिनेच तपासायचा. हे काम कामगिरीच्या अहवालात येत नाही. उलट तिचं मूळ काम मागे राहिलं अशी नोंद होते. उपाय कागदावरचा आहे. अनेक शहरं भाषाचाचणी उत्तीर्ण झालेल्यांना वेगळा भत्ता देतात. रुजू झाल्यावर पहिल्या तीन महिन्यांत ती चाचणी द्या, भत्ता लागू करून घ्या, आणि भाषांतराच्या कामाचे आठवड्याचे तास पदाच्या वर्णनात लिहून घ्या. तास लिहून देत नसतील तर महिनाभर स्वतः नोंद ठेवा आणि वार्षिक आढाव्याच्या आधी वरिष्ठांना ईमेलने पाठवा. तोंडी सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही.

लोकप्रशासनाची मास्टर्स पदवी, म्हणजे एमपीए, वरच्या जागांसाठी जवळपास अट असल्यासारखीच आहे. ती नोकरीच्या आधी कर्ज काढून करण्यापेक्षा नोकरीत दोन वर्षं काढून संध्याकाळच्या वर्गांत करा. बरीच शहरं शिक्षणखर्चाचा काही भाग परत देतात. फक्त परतफेडीची अट वाचा, कारण पदवीनंतर ठरावीक काळ नोकरी न केल्यास रक्कम परत मागितली जाते. बढतीसाठी आधार हवा असेल तर लोकल गव्हर्नमेंट हिस्पॅनिक नेटवर्क ही संस्था शहर-प्रशासनातल्या हिस्पॅनिक अधिकाऱ्यांचीच आहे. पगाराची बोलणी करताना अंदाज बांधायची गरज नसते : प्रत्येक श्रेणीची किमान-कमाल रक्कम सार्वजनिक असते. ती बघूनच आकडा मागा.

नाल्यापासून सुरुवात

निवडणुकीची वाट धरणाऱ्यांनी सभागृहाआधी गल्ली धरावी. सॅन अँटोनियोच्या वेस्ट साइडला पाऊस पडला की घरांत पाणी शिरायचं. १९७४ मध्ये स्थापन झालेल्या 'कम्युनिटीज ऑर्गनाइज्ड फॉर पब्लिक सर्व्हिस' या संघटनेने, लोक तिला 'कॉप्स' म्हणतात, शहराचे जुने कागद उकरले. या वस्त्यांतले नाले कित्येक वर्षांपूर्वीच आराखड्यात होते, बांधले मात्र गेले नव्हते. शेकडो लोकांनी परिषदेच्या सभेत ते कागदच पुढे केले आणि नाल्यांसाठी कर्जरोख्यांचा प्रस्ताव मंजूर करून घेतला. या संघटनेच्या पुढारपणात चर्चच्या परिसरातल्या गृहिणी मोठ्या संख्येने होत्या. त्यांनी बजेट वाचायला शिकून घेतलं होतं, एवढीच काय ती युक्ती.

म्हणून बजेट कसं वाचायचं ते नीट बघू. सॅन अँटोनियोचं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर. मॅनेजर ऑगस्टमध्ये प्रस्ताव मांडतो, परिषद सप्टेंबरमध्ये मंजूर करते. सप्टेंबरमध्ये मागणी घेऊन जाणारे उशिरा पोचतात, तोवर आकडे बसलेले असतात. मागणी वसंतातच, एप्रिल-मेमध्ये, नगरसेवकाच्या कार्यालयात लेखी द्या.

कागद हातात आल्यावर आधी निधी वेगळे करा. सामान्य निधीतून पगार, पोलीस, अग्निशमन, ग्रंथालयं चालतात. भांडवली निधीतून रस्ते-नाले. आणि केंद्राच्या सामुदायिक विकास अनुदानातून, ज्याची किमान ७० टक्के रक्कम अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या लोकांच्या उपयोगी पडलीच पाहिजे, वस्तीपातळीवरची कामं. नाल्याची मागणी सामान्य निधीकडे केली तर उत्तर ठरलेलं : पैसे नाहीत. आणि ते खरंही असतं, कारण त्या निधीतला अर्ध्याहून जास्त पैसा पोलीस आणि अग्निशमन दलावर जातो. मग उत्पन्नाची बाजू बघा. शहराच्या मालकीची वीजकंपनी सीपीएस एनर्जी आपल्या एकूण उत्पन्नाच्या १४ टक्क्यांपर्यंत रक्कम शहराला देते, त्यामुळे उन्हाळा कडक गेला की शहराचं उत्पन्न वाढतं. मालमत्ताकर मात्र मनाला येईल तसा वाढवता येत नाही : २०१९च्या राज्य कायद्यानुसार कामकाजासाठीचं या कराचं उत्पन्न वर्षात साडेतीन टक्क्यांहून जास्त वाढवायचं तर मतदारांची परवानगी लागते. एवढं ठाऊक असलेली बाई सभेत तीन मिनिटं बोलली तरी कर्मचारी नाव लिहून घेतात.

पुढची पायरी आयोग आणि सल्लागार मंडळं. नगरसेवक आपापल्या प्रभागातून माणसं नेमतात. पगार नाही, काम बरंच. झोनिंगचं, म्हणजे कुठल्या जमिनीचा वापर कशासाठी ते बघणारं, किंवा नियोजनाचं मंडळ मागा. तिथे जमीन, बिल्डर, शेजारी आणि वकील यांचा सगळा खेळ कळतो, शिवाय निर्णयांची नोंद राहते. समारंभ-उत्सवांच्या समित्यांत छायाचित्रं भरपूर मिळतात, शिकायला काही मिळत नाही. स्त्रियांना त्याच समित्या आधी देऊ केल्या जातात. नम्रपणे नाही म्हणा. कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट : २०१९च्या कायद्याने तिथल्या मंडळांवर नागरिक नसलेले रहिवासीही बसू शकतात.

निवडणूक

टेक्सासमध्ये उमेदवार अमेरिकन नागरिक आणि नोंदणीकृत मतदार हवी. राज्यात १२ महिने आणि प्रभागात किमान ६ महिने सलग वास्तव्य हवं, शहराच्या सनदेची अट याहून कडक असू शकते. घर बदलायचं असेल तर वीजबिल, भाडेकरार आणि मतदार नोंदणी एकाच आठवड्यात बदलून घ्या. वास्तव्यावरून कोर्टात जाणं हे प्रतिस्पर्ध्याचं सगळ्यात स्वस्त हत्यार आहे.

पैशाचा एकही व्यवहार करण्याआधी खजिनदाराच्या नेमणुकीचा अर्ज सिटी क्लर्ककडे दाखल करा. तो नसताना देणगी घेता येत नाही, खर्चही करता येत नाही. छापखान्याला दिलेला आगाऊ पैसा म्हणजेही खर्चच. कंपन्यांचे चेक चालत नाहीत. मामाच्या दुकानाचा चेक आला तर दुकान कंपनी म्हणून नोंदवलेलं आहे का ते विचारा, असेल तर परत करा आणि वैयक्तिक चेक मागा. एका देणगीदाराकडून एका अहवालकाळात १०० डॉलरपेक्षा जास्त रोख घेता येत नाही. परदेशी नागरिकाचा पैसा, ग्रीन कार्डधारक सोडून, कोणत्याही निवडणुकीत चालत नाही. मेक्सिकोतल्या मावशीचा चेक जितका बेकायदा, तितकाच नाशिकच्या काकांचा, आणि एच-वन-बीवरच्या शेजाऱ्याचाही. त्यांना विनावेतन काम करू द्या : फोन करणं, पत्रकं वाटणं.

वेळापत्रक मतदानाच्या दिवसापासून मागे मोजा. २०२५ मध्ये अर्ज १५ जानेवारी ते १४ फेब्रुवारी, मतदान ३ मे, आगाऊ मतदान २२ ते २९ एप्रिल, आणि दुसरी फेरी ७ जूनला झाली. म्हणजे 'शेवटचा आठवडा' असा नसतोच. २२ एप्रिलपासून रोज थोडी थोडी निवडणूक होत होती. पत्रकं त्याच्या आदल्या आठवड्यात घराघरांत पोचायला हवीत. खर्चाचे अहवाल मतदानाच्या ३० आणि ८ दिवस आधी द्यावे लागतात, आणि ते वर्तमानपत्रं वाचतात.

पन्नास टक्क्यांहून जास्त मतं कुणालाच मिळाली नाहीत तर पहिल्या दोघांत पुन्हा लढत होते. २०२५ मध्ये महापौरपदाला २७ उमेदवार होते. अशा गर्दीत पहिल्याच फेरीत निकाल लागणं जवळपास अशक्य. तरी नवख्या उमेदवार सगळा पैसा पहिल्या फेरीत उडवतात. एक तृतीयांश बाजूला ठेवा, त्याला हात लावू नका. पहिली फेरी चांगली गेली म्हणून दुसरी सोपी जाते असंही नाही : १९९१ मध्ये बेरिओसाबाल महापौरपदाच्या दुसऱ्या फेरीत पोचल्या आणि तिथे नेल्सन वुल्फ यांच्याकडून हरल्या.

दारोदार फिरताना सगळी दारं वाजवू नका. काउंटीच्या निवडणूक कार्यालयाकडून मतदार यादी मतदानाच्या इतिहासासकट मिळते. मागच्या चार शहर निवडणुकांपैकी किमान दोनदा मत दिलेल्यांची वेगळी यादी काढा. शहर निवडणुकीत मतदान इतकं कमी होतं की निकाल हीच माणसं ठरवतात. त्यांच्याकडे तीनदा जा. वयस्कर मतदारांशी स्पॅनिशमध्ये बोला, पण तिशीतल्या मुलांनी इंग्रजीत उत्तर दिलं तर इंग्रजीवर या. आडनाव हिस्पॅनिक म्हणून मतं आपोआप मिळतात, हा समज अशा प्रभागात पहिल्याच आठवड्यात गळून पडतो, कारण समोरच्या चारही उमेदवारांची आडनावं तशीच असतात. मतदान केंद्राच्या दारापासून १०० फुटांच्या आत प्रचार चालत नाही, टी-शर्टवरचं नावसुद्धा.

मानधनाचा हिशेब घरी बसून करा. २०१५ पर्यंत सॅन अँटोनियोच्या नगरसेवकाला एका सभेचे २० डॉलर मिळत. घर चालवायला दुसरा पगार किंवा श्रीमंत नवरा हवा, असाच त्याचा अर्थ. २०१५च्या सनद दुरुस्तीने नगरसेवकाचं वार्षिक मानधन ४५,७२२ डॉलर झालं, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मतदारांनी ते ७०,२०० केलं. महापौराला ८७,८००. पण प्रचाराच्या आठ-दहा महिन्यांचा पगार कुणी देत नाही. तेवढी शिल्लक आधी हवी.

खुर्चीत बसल्यावर

पदग्रहणानंतर ९० दिवसांत खुल्या सभा आणि सार्वजनिक माहिती या दोन कायद्यांचं प्रशिक्षण घ्यावं लागतं, प्रत्येकी साधारण तासभर. बघून टाकायचे व्हिडिओ समजू नका. अकरापैकी सहाजण एका चॅट-ग्रुपमध्ये विषयावर बोलले, की ती बेकायदा सभा ठरू शकते. एकीने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला असं फिरवत सहापर्यंत नेलं तरी तेच. स्वतःच्या फोनवरून केलेला सरकारी कामाचा मजकूरही सार्वजनिक कागद ठरतो. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने सॅन होसे शहराच्या खटल्यात २०१७ मध्ये तसा निकाल दिला. आणि बंद खोलीतलं बोलणं बंद राहत नाही. लॉस एंजेलिसच्या परिषदेच्या पहिल्या लॅटिना अध्यक्ष न्युरी मार्टिनेझ यांना ऑक्टोबर २०२२ मध्ये पद आणि जागा दोन्ही सोडावी लागली, कारण प्रभागरचनेवरच्या खाजगी बैठकीतलं त्यांचं वंशद्वेषी बोलणं रेकॉर्ड होऊन बाहेर आलं.

परिषदेची चर्चा-बैठक बुधवारी, मतदानाची गुरुवारी. गुरुवारी प्रश्न विचारून कुणाचं मत बदलत नाही. कार्यक्रमपत्रिका आली की त्याच दिवशी संबंधित सहायक मॅनेजरकडे लेखी प्रश्न पाठवा, बुधवारी उत्तर मागा. पहिल्या वर्षी दोनच विषय घ्या, त्यातला एक असा की वर्षाच्या आत डोळ्यांना दिसेल : पदपथ, दिवे, बसथांब्यावर सावली.

पुढच्या पदाचा विचार करताना टेक्सासच्या राज्यघटनेतलं एक कलम आडवं येतं. ज्यांची मुदत दोन वर्षांहून जास्त आहे अशा नगर-पदाधिकाऱ्यांनी, एक वर्ष आणि ३० दिवसांहून अधिक मुदत शिल्लक असताना दुसऱ्या पदासाठी उमेदवारी जाहीर केली, तर आधीच्या पदाचा राजीनामा आपोआप झाला असं धरलं जातं. सॅन अँटोनियोत मुदत दोन वर्षांची होती तोवर याची झळ नव्हती. २०२४च्या दुरुस्तीने ती चार वर्षांची झाली, जास्तीत जास्त दोन वेळा. जून २०२५ मध्ये निवडून आलेल्या नगरसेविकेची मुदत चार वर्षं धरली, तर मे २०२८च्या मध्यापर्यंत जागा राखून तिला दुसऱ्या पदाची उमेदवारी जाहीर करता येत नाही. आणि २०२८च्या विधिमंडळ निवडणुकीसाठी पक्षाच्या प्राथमिक फेरीचे अर्ज २०२७ सालीच भरायचे असतात. म्हणजे ऑस्टिनला, राज्याच्या विधिमंडळात, जायचं असेल तर जागा सोडूनच जावं लागेल. भाषणात 'मी विचार करते आहे' म्हणणं आणि 'मी लढणार आहे' म्हणणं यातला फरक शहराच्या वकिलाकडून आधी लेखी समजून घ्या.